लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यात मडकं लावायचं का?

चैत्रपालवी
दिरांची बदली झाली आणि त्यांची लव्हबर्ड्सची जोडी आमच्याकडे आली. सोबत पिंजरा, दाण्यांचे दोन डबे आणि भोक पाडलेलं एक मडकं. अंग पोपटी, चेहरा नि गळा गुलाबी-केशरी, शेपटीच्या वर निळा पट्टा. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, पिंजरा हॉलमध्ये खिडकीपासून जरा आत ठेवलाय.

प्रश्न मडक्याचा. दिरांनी ते काढून ठेवलं होतं. त्यांच्याकडे दोनदा अंडी झाली, प्रत्येक वेळी नऊ-दहा, पण पिल्लू एकही नाही. आता इथे आल्यापासून त्यांतली एक पिंजऱ्याच्या तळाचा पेपर दाताने कापल्यासारखा सरळ पट्ट्यांमध्ये कातरते आणि त्या पट्ट्या पाठीमागच्या पिसांत खोचून मिरवते. जाऊबाई म्हणतात, "बिचारी घर मागतेय, लाव मडकं." नवरा म्हणतो, "दोनांचे बारा झाले की तू सांभाळ." लेकीला अर्थातच पिल्लं हवीत. अनुभवींनी सांगा. बाकी काळजीबद्दल काही सुचवायचं असेल तर तेही लिहा, आम्ही अगदीच नवखे आहोत.

रिकामटेकडा२
मडक्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का? डोंबिवली आहे म्हणून विचारलं. (दिवे घ्या.)

शेवंती
आमच्याकडे माहेरी खूप होते. निळे, पिवळे, हिरवे, पाठीवर बारीक काळ्या रेघा. मडकी टांगली की पिल्लंच पिल्लं! बाबा येईल त्या पाहुण्याला एक जोडी भेट द्यायचे, पुढे पुढे पाहुणे यायचेच बंद झाले. बिनधास्त लावा.

गुळाचा_खडा
शेवंतीताई, रेघावाले ते बजरीगार, म्हणजे बजी. मूळचे ऑस्ट्रेलियाचे. चैत्रपालवींनी वर्णन केलेत ते खरे लव्हबर्ड, आफ्रिकेतले. यांच्या नऊ जाती आहेत, आठ आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरच्या आणि एक मादागास्करची. गुलाबी चेहऱ्याची ही जात नामिबिया-अंगोलाकडच्या कोरड्या मुलखातली.

नाव काही का असेना, पण सांभाळण्यात फरक पडतो म्हणून लिहितोय. बजी गरीब. लव्हबर्ड चोचीने भांडतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर बजीच्या पायाची बोटं जातात. आमच्या शेजारी हे बघितलंय, वर्णन करत नाही.

शेवंती
@गुळाचा_खडा, म्हणजे आम्ही आयुष्यभर बजीला लव्हबर्ड म्हणत आलो? दुकानदाराने तर लव्हबर्ड सांगूनच दिले होते.

रिकामटेकडा२
अख्ख्या महाराष्ट्राला दुकानदाराने तेच सांगून दिलेत ताई. तुम्ही एकट्या नाही.

पाखरूवाला_सांगलीकर
आमच्याकडे बरेच वर्षं पाखरं आहेत. माझं मत स्पष्ट आहे, लावा. मादी पट्ट्या खोचायला लागली म्हणजे ती अंड्यावर आली. जागा दिली नाही तर ती पिंजऱ्याच्या तळाशी, नाहीतर दाण्याच्या भांड्यात अंडी घालेल आणि फुटतील. फक्त ते बजीचं छोटं मडकं असेल तर उपयोग नाही, यांना लाकडी पेटी बरी. आठ-नऊ इंच लांबी-रुंदी-उंची, भोक दोन-सव्वादोन इंच. आत काही घालू नका, खजुरीच्या किंवा नारळाच्या झावळीच्या पाती पिंजऱ्यात टाका, ती स्वतः चिरून नेते. बघत बसावं असं काम असतंय ते.

अंडी फुकट का गेली? कधी दांडी हलत असते, कधी नर कोवळा असतो, कधी दोघं एकाच पेटीतली भावंडं असतात. दांड्या घट्ट बांधा आणि पुन्हा संधी द्या.

टोचाटोची
मी पशुवैद्य आहे. मुख्यतः कुत्री-मांजरी बघते, पण पाखरंही बरीच येतात. सांगलीकरांनी पेटीबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. तरी मी म्हणेन, थांबा.

चैत्रपालवींच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. एक मादी दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते. दर वेळी नऊ-दहा अंडी आणि एकही सजीव नाही, याचा सगळ्यात साधा अर्थ असा की तुमच्याकडे दोन माद्या आहेत. या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. बजीला नाकावरच्या रंगावरून ओळखता येतं, इथे तशी सोय नाही. दोन माद्या एकमेकींना भरवतात, खाजवतात, एका पेटीत शेजारी शेजारी उबवायलाही बसतात. बघणाऱ्याला वाटतं काय छान जोडी आहे. पिसावरून डीएनए चाचणी होते, ती करून घ्या. तोवर पेटीही नको नि मडकंही नको.

कारण अंडं घालणं मादीला स्वस्त पडत नाही. पक्षी पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा आणि कवचाचं सगळं कॅल्शियम तिच्या खाण्यातून नि हाडांतून येणार. ते कमी पडलं की अंडं आत अडकतं. लक्षणं सांगते: पिसं फुगवून तळाशी बसणं, शेपटी वर-खाली होणं, कण्हल्यासारखं जोर लावणं, दाण्याकडे न बघणं. असं दिसलं तर उबदार जागी ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा, सकाळपर्यंत वाट बघू नका. पोट दाबायचं नाही. मागून एरंडेल तर अजिबात घालायचं नाही, हा घरगुती उपाय करून आणलेली पाखरं मी बघितली आहेत.

आणि हो, अंडी घातलीच तर लगेच उचलू नका. उचलली की ती भर घालत राहते. राहू द्यावीत किंवा तेवढ्याच मापाची प्लास्टिकची खोटी ठेवावीत. उबवण तेवीस दिवसांच्या आसपास असते, त्यानंतर कंटाळून ती स्वतःच सोडते.

पाखरूवाला_सांगलीकर
डॉक्टरांचा मान राखून सांगतो, दोन माद्यांची शक्यता मलाही पटते. पण पेटी नाही दिली म्हणून अंडी थांबत नाहीत. मग आम्ही काय करायचं ते पण सांगा की.

टोचाटोची
बरोबर विचारलंत. पेटी काढणं पुरेसं नाही. दिवस लांब, खाणं भरपूर आणि कातरायला कागद, एवढं मिळालं की तिचं शरीर हंगाम आला असं समजतं. म्हणून संध्याकाळी सातला पिंजरा झाकायचा, बारा-तेरा तास अंधार नि शांतता. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर पिंजरा दुसऱ्या खोलीत न्यायचा. तळाचा कागद जाळीच्या खाली ठेवायचा, चोच पोचणार नाही असा. उकडलेलं अंडं, भिजवलेले मोड असे लाड काही दिवस बंद. आणि हातावर आली की लाडाने पाठीवरून हात फिरवतो ना आपण, तो फक्त डोक्यावर. पाठीवरचा हात तिला भलताच अर्थ सांगतो.

रिकामटेकडा२
टीव्ही सातला बंद? सासूबाईंच्या मालिकांचं काय? पाखरू वाचेल, घर मोडेल.

चैत्रपालवी
सगळ्यांचे आभार! @टोचाटोची, दोन माद्या हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दीर त्यांना कौतुकाने राजा-राणी म्हणायचे. :) चाचणीची चौकशी करते. खाण्याचं पण सांगा ना, डब्यात फक्त बारीक पिवळे दाणे आणि सूर्यफुलाच्या बिया आहेत.

गुळाचा_खडा
पिवळे दाणे म्हणजे राळे असणार, दुकानात कांगणी म्हणतात. त्यात बाजरी, वरी, थोडी ज्वारी मिसळा. सूर्यफूल नि करडई चवीपुरती, नाहीतर तेवढंच वेचून खातात आणि चरबी चढते. शहाणी पाखरं फरसाणातले शेंगदाणे वेचणाऱ्या आमच्या काकांसारखी वागतात.

टोचाटोची
नुसत्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व मिळत नाही. त्यातून नाक-डोळ्यांचे, श्वासाचे आजार येतात. रोज सकाळी ताजं काहीतरी हवं: कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, कणसाचा तुकडा, आणि सगळ्यात उत्तम शेवग्याचा पाला. शेवग्यात कॅल्शियम भरपूर. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. भाज्या नीट धुवून. समुद्रफेसाचा तुकडा कायम अडकवून ठेवा. अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, सफरचंदाच्या बिया, खारवलेलं काहीही नको. संध्याकाळी चहासोबत बिस्किटाचा कोपरा देणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

कोवळं ऊन थेट मिळालं पाहिजे, काचेआडून आलेल्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी उपयोग नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग मात्र सावलीत, म्हणजे त्यांना सरकता येईल.

पाखरूवाला_सांगलीकर
आणि बारीक वाळू. पचनाला लागते.

टोचाटोची
कबुतरं नि कोंबड्या दाणे अख्खे गिळतात, त्यांना लागते. लव्हबर्ड साल काढून खातो. वाळू जास्त खाल्ली तर पोटात गोळा होतो. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

पाखरूवाला_सांगलीकर
आमच्या पाखरांना आजवर काही झालं नाही. असो.

वऱ्हाडी_ठेचा
तुम्हा मुंबई-पुण्यावाल्यांचं बरं आहे. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जाते. पाखरू चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसलं की समजायचं, ऊन लागलं. आम्ही पिंजरा मधल्या खोलीत ठेवतो, कूलरच्या थेट झोतात नाही, बाजूला वाळ्याचा ओला पडदा. दुपारी पसरट ताटलीत पाणी ठेवलं की दोघंही असे डुंबतात की खाली पोछा माराव लागते. पाणी दिवसातून दोनदा बदला, उन्हाळ्यात ते लवकर खराब होते.

अन् पंखा! पिंजऱ्याबाहेर सोडायचं तर आधी छताचा पंखा बंद, मग खिडक्या बंद, मग आरशावर कापड. हा क्रम आमच्या घरी दारावर लिहून लावला आहे.

कोकम_सरबत
सगळं वाचलं. कोणाला राग येईल, पण लिहितेच. मडकं लावू की पेटी लावू यापेक्षा पिंजराच का, हा प्रश्न कुणालाच पडत नाही? उडणाऱ्या जिवाला दोन फुटांच्या जाळीत ठेवून त्याला शेवग्याचा पाला घालणं ही काळजी? सोडून द्या त्यांना. आमच्या कोकणात झाडं कमी नाहीत.

गुळाचा_खडा
भावना कळली, पण सोडून द्या म्हणजे मारून टाका. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला खाणं शोधता येत नाही, शिकारी कळत नाही. कावळे पहिल्या तासात घेरतात. त्यातून जगलीच तर परदेशी जात इथे सोडणं हा वेगळा घोळ.

कोकम_सरबत
मग विकतच घेऊ नका ना! मागणी आहे म्हणून पैदास आहे. क्रॉफर्ड मार्केटला एकदा जाऊन बघा, एका खोक्यात किती कोंबलेले असतात.

शेवंती
हे मात्र पटलं. मी एकदाच गेले होते, पुन्हा त्या गल्लीत पाय टाकला नाही.

चैत्रपालवी
कोकम_सरबत, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आम्ही विकत घेतले नाहीत, पण आलेत तर नीट सांभाळावेत एवढाच हेतू आहे. आणि खरं सांगू, तुमच्यामुळे पिल्लांबद्दल मी जरा दुसऱ्या बाजूने विचार करतेय. पिल्लं झाली तर ती शेवटी कुठल्यातरी पिंजऱ्यातच जाणार.

वाळवंटातला_मराठी
अवांतर: मी अ‍ॅरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. इथे हेच गुलाबी चेहऱ्याचे लव्हबर्ड मोकळे उडतात! कोणाच्या तरी पिंजऱ्यांतून सुटलेले, १९८० च्या दशकापासून इथे दिसताहेत, आता थवेच्या थवे आहेत. ताडाच्या वाळक्या झावळ्यांत आणि सुतारपक्ष्यांनी सग्वारो निवडुंगात पाडलेल्या भोकांत घरटी करतात. उन्हाळ्यात इथल्या विद्यापीठाच्या एका इमारतीच्या झरोक्यांतून आतली गार हवा बाहेर पडते, तिथे हे ओळीने येऊन बसतात. फुकटचा एसी. नामिबियासारखीच कोरडी हवा मिळाली म्हणून जमलं असावं. कोकणातल्या पावसात जमेल असं वाटत नाही.

नामिबियात तर म्हणे हे स्वतः घरटं बांधायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत, कड्यांच्या फटीत नाहीतर सुगरणीच्या नात्यातल्या एका पक्ष्याच्या भल्यामोठ्या सामूहिक घरट्यात घुसतात.

रिकामटेकडा२
आयत्या बिळावर नागोबा. आणि चैत्रपालवींच्या घरी बसून भोगवटा मागतायत.

फोडणीची_मिरची
कोणी स्वयंपाकघराबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणाऱ्या वायूने पाखरं काही मिनिटांत मरतात. माणसाला वासही येत नाही. आमच्या ओळखीत असंच झालं, डोसा करताना फोन आला आणि तवा गॅसवर राहिला. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून नकोच. ओपन किचन असेल तर बिडाचा तवा वापरा. अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, फवारे, हेसुद्धा त्यांच्या फुप्फुसांना झेपत नाहीत.

चैत्रपालवी
बापरे! आमचं स्वयंपाकघर हॉललाच जोडून आहे. पिंजरा आजच बेडरूममध्ये. सातला झाकायचा प्रश्नही सुटला, सासूबाईंच्या मालिका वाचल्या.

टोचाटोची
बेडरूममध्ये न्याल तर दिवसा त्यांना एकटं सोडू नका, माणसांचा आवाज हवा असतो त्यांना. पिंजरा धुताना, सुकलेली विष्ठा झाडताना तोंडाला फडकं बांधा, आधी ओली करून मगच पुसा. पोपटवर्गातल्या पाखरांकडून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. क्वचित होतो, घाबरू नका. पण घरात कुणाला न हटणारा ताप-खोकला आला तर डॉक्टरांना घरी पाखरं आहेत हे आवर्जून सांगा.

आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आठवड्यातून एकदा त्यांच्यासाठी. पाखरू आजार लपवतं, पिसं फुगवून बसेपर्यंत उशीर झालेला असतो. वजन दहा टक्के उतरलं तर बाहेरून कितीही ठणठणीत दिसो, दाखवून घ्या.

गुळाचा_खडा
कायद्याचंही एकदा लिहून ठेवतो, कारण असे धागे वाचून लोक दुकानात जातात. आपला देशी हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो झाडाखाली सापडलेला असो की आजीने दिलेला. परदेशी पाखरांपैकी बजी, कॉकाटील आणि हा गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड साइट्सच्या (CITES, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाहीत, लव्हबर्ड २००५ मध्ये वगळला गेला. पण डोळ्याभोवती पांढरी कडी असलेला फिशर लव्हबर्ड यादीत आहे. अशा यादीतल्या प्राण्या-पाखरांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. दुकानदार हे सांगत नाही.

शेवंती
दुकानदार बजी आहे हेच सांगत नाही, तुम्ही कुठे परिवेश घेऊन बसलात!

चैत्रपालवी
बरेच दिवसांनी येतेय. चाचणीचा निकाल आला: दोन्ही माद्या. राजाची राणी झाली, दिरांना फोन केला तर पाच मिनिटं हसत होते. मडकं माळ्यावर गेलं. कागद जाळीखाली सरकवला, अंधार लवकर करतोय, शेवग्याचा पाला खालच्या मजल्यावरच्या काकू देतात. पट्ट्या कातरणं अजून पूर्ण थांबलेलं नाही, आता लेकीच्या वहीची पानं पळवते. लेक थोडी हिरमुसली, पण आठवड्याचं वजन तीच वहीत लिहिते. एकीचं अठ्ठेचाळीस, दुसरीचं त्रेपन्न ग्रॅम, दोन्ही ठीक ना?

टोचाटोची
अगदी छान. वह्या वाचवा फक्त. कातरायलाच हवं असेल तर कडुनिंबाची किंवा पेरूची ताजी फांदी धुवून द्या, साल सोलत बसतील. त्याच फांद्या दांड्या म्हणूनही वापरा, वेगवेगळ्या जाडीच्या. गुळगुळीत एकसारख्या दांडीवर तळपायांना फोड येतात.

पाखरूवाला_सांगलीकर
चला, डॉक्टर जिंकल्या. आता एक नर आणा, माझ्याकडे आहेत.

टोचाटोची
दादा, एका पिंजऱ्यात दोन माद्या नि एक नर? बोटांची चित्रं गुळाच्या खड्याने वर टाळली आहेत, मला काढायला लावू नका.

पाखरूवाला_सांगलीकर
बरं बरं, मग दोन नर आणि दोन पिंजरे.

चैत्रपालवी
नवरा हा धागा वाचतो, सांगलीकर. जपून.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, दिवाळीत काय केलं? आमच्याकडे फटाक्यांनी रात्री अंधारात फडफडून दोघंही जाळीवर आदळत होते.

चैत्रपालवी
आम्ही त्या दिवसांत पिंजऱ्यावर जाड चादर आणि खोलीत अगदी मंद दिवा चालू ठेवला, पूर्ण अंधार नाही. त्यांना दांडी दिसत राहिली की कमी घाबरतात असं वाटलं. खिडक्या बंद, पंखा हळू. शेजारच्या मुलांना आमच्या खिडकीखाली लवंगी लावू नका म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ती सगळी पाखरं बघायला घरात.

निवांत_पाटील
नवीन सदस्य. वाचनखूण साठवली. माझ्याकडेही एक जोडी आहे, तीही गोड वागते म्हणून आता संशय यायला लागलाय. चाचणीसाठी पिंजऱ्यात गळून पडलेलं पीस चालतं का?

टोचाटोची
गळलेलं शक्यतो नको, कोणाचं ते सांगता येत नाही आणि मुळाशी पेशी उरलेल्या नसतात. छातीची चार-पाच बारीक पिसं मुळासकट हलक्या हाताने उपटायची, बोट मुळाला लावायचं नाही, प्रत्येक पाखराचं वेगळं पाकीट आणि वर खूण. हाताला जमत नसेल तर डॉक्टरांकडून घ्या. दोघांच्या पायांत आधी वेगवेगळ्या रंगाच्या रिंगा नसतील तर कोणाचा निकाल कोणता ते नंतर कळणार नाही, म्हणून पाठवण्याआधी दोघांचे चेहऱ्याजवळून फोटो काढून ठेवा.